पिशवी काढलेल्यांनी बाजूला व्हा

"प्रयागे, निघतीस का चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आत येऊ?"

केशर कोपीच्या दारात उभी होती आणि मी आत गोधडी डोक्यावरून ओढून, पोट धरून पडले होते. पोटबिट काही दुखत नव्हतं. सगळं सोंग होतं, आणि केशरला माझी सोंगं पाठ होती.

"जा बाई तू. माझ्या पोटात कळा यायल्यात."

"काल वांग्याचं कालवण वरपताना नाही आल्या कळा? ऊठ म्हणते ना!"

तिनं गोधडीच ओढून घेतली आणि दंडाला धरून मला उभं केलं. उसाच्या मोळ्या उचलून उचलून तिचे हात असे झाले होते की एकदा धरलं की सुटायची सोय नाही. मी शिव्या घातल्या. ती हसत हसत माझ्या केसांवरून फणी फिरवायला लागली, जसं काही मला बघायलाच पाहुणे येणार होते.

आम्ही बीडकडच्या. दसरा झाला की मुकादमाच्या मागं ट्रॅक्टरनं निघायचं ते ऊस तोडायला कारखान्याच्या मुलखात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संसार. केशर माझ्याच गल्लीतली. दोघी एकाच साली नवऱ्या होऊन गावात आलो आणि एकाच साली ऊस तोडायला बाहेर पडलो. कुठंही गेलो तरी तिची कोपी माझ्या कोपीला लागूनच असायची. तिकडं तिनं भाकरी थापली की इकडं मला आवाज यायचा.

त्या वर्षी कारखान्याजवळच्या गावात, शाळेमध्ये, बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं. आदल्या दिवशी लिंबाजी मुकादमानं उसाच्या फडात ओरडून सांगितलं, "पिशवीच्या कॅन्सरची तपासणी हाय. ज्या बायांची पिशवी हाय त्यांनी सकाळी शाळेत जायचं. खाडा लागणार नाही. पिशवी काढलेल्यांनी रोजच्यासारखं फडात यायचं."

खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दंड. खाडा लागणार नाही म्हणल्यावर कुणीही नाचत जावं. पण आमच्या टोळीत पिशवी असलेल्या बाया शोधून काढाव्या लागायच्या. हसू नका, खरं सांगते. महिन्याचे दिवस आले की फडात ना आडोसा ना पाणी, वरून डोक्यावर मोळी, आणि घरी बसलं की खाडा. त्यात कुणाच्या कंबरेत कळ, कुणाच्या अंगावरून पांढरं जातंय. तालुक्याच्या गावात एक डॉक्टर होता, त्याच्याकडं गेलं की तो पोटावर मशीन फिरवायचा आणि म्हणायचा, "पिशवीला सूज आहे. आज ना उद्या कॅन्सर होईल. काढून टाका, मोकळ्या व्हा." बाया काढून टाकायच्या. पोरं झालेली असायचीच. एकीनं काढली की तिची जाऊ, जावेची बहीण, असं चालायचं.

केशरनंही तिथंच काढली होती. तेव्हा मीही गेले होते तिच्याबरोबर. दोघींनी एकाच दिवशी काढायची, एकमेकीला पेज पाजायची, असं ठरवून गेलो होतो. ती आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. तेवढ्यात एक बाई हत्यारांचं ताट घेऊन माझ्यासमोरून गेली, वर फडकं झाकलेलं, आतून खणखण आवाज. मी जी धूम ठोकली ती थेट एस.टी. स्टँडावर. नवरा मागून पिशव्या घेऊन पळतोय आणि मी पुढं! केशर शुद्धीवर आली तेव्हा बाजूची खाट रिकामी. तेव्हापासून तिनं माझं नाव भित्री ठेवलं.

"मी मोकळी झाले बघ," ती म्हणायची. "ना महिन्याची कटकट, ना कॅन्सरचं भ्या. तू बस भित्रे, फडकी धूत."

मला तिचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

तर त्या सकाळी ती मला ओढत ट्रॅक्टरपाशी घेऊन आली. लिंबाजी मुकादम ट्रॉलीशेजारी तंबाखू मळत उभा होता.

"केशरबाई, तुझं काय काम तिथं? तुझी तर पिशवी निघालीय."

"हिला धरून न्यायला माणूस लागतंय, मुकादम. सोडली की पळती ही. मागल्या बारीला दवाखान्यातून पळालीय, पुसा तिच्या नवऱ्याला."

माझा नवरा भानुदास कोयत्याला धार लावत होता. तो मान खाली घालून हसला. मुकादम म्हणाला, "जा मग. पण दुपारच्या आत दोघीबी फडात पाहिजेत."

शाळेच्या आवारात ट्रॉली थांबली. केशर आधी उतरली आणि मला हात द्यायला वळली, तेव्हा मला तिच्या लुगड्याला मागून डाग दिसला. ओला, लाल. मी पटकन उडी मारली आणि तिच्या मागं उभी राहिले.

"केशरे, मागं लागलंय तुझ्या."

तिनं चटकन पदर मागून घेऊन कंबरेला खोचला. तोंडावरचं हसू गेलं.

"टाका उसवला असंल आतला," ती हळूच म्हणाली. "काल मोळ्या लई जड व्हत्या."

"एवढ्या वर्षांनी टाका उसवतोय व्हय?"

"मला काय म्हाईत? मधी मधी लागतंय. वासबी येतोय गं." ती इकडंतिकडं बघायला लागली. "कुणाला बोलू नकोस. पिशवी काढलेल्या बाईला लागतं म्हणलं की लोक काय काय जोडतील. आधीच अंकुशरावाचं डोकं सरळ नाही."

अंकुशराव तिचा नवरा. माणूस वाईट नव्हता, पण कान हलका.

"मग इथल्या डॉक्टरणीला सांग की."

"आधी तुझं तर उरकू दे."

शाळेच्या दोन वर्गांत शिबिर होतं. एका वर्गात सतरंजीवर बायका बसलेल्या. चष्मा लावलेली, आमच्या पोरीएवढी दिसणारी एक डॉक्टरीणबाई सांगत होती. दुसऱ्या वर्गाला मधोमध लुगड्याचा पडदा लावलेला आणि दारात एक सिस्टर. सिस्टरचा आवाज असा की फडात मुकादमाची गरज पडली नसती.

"घाबरायचं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणत होती. "लोणच्यात घालतात ना, तसलं आंबट पाणी असतं. कापसानं आत लावायचं आणि जरा वेळ थांबून बघायचं. जिथं बिघाड असेल तिथं पांढरं दिसतं. कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. तो होण्याच्या आधीच आपल्याला दिसतो. तेव्हा काढून टाकला की पुढं होतच नाही."

"आन् दिसला तर मारून टाकता का आम्हाला?" मी म्हणलं. बायका हसल्या. बाईसुद्धा हसली.

"नाही हो मावशी. तुम्हालाच जगवायला आलोय."

मग आमची रांग लागली. दारातनं सिस्टर ओरडली, "पिशवी काढलेल्यांनी बाजूला व्हा. उगाच गर्दी करू नका. पिशवी असलेल्याच पुढं या."

केशर बाजूला झाली. माझा हात तिच्या हातात होताच, म्हणून मीही बाजूला झाले.

"तुमची काढलीय का?" सिस्टरनं मला विचारलं.

"हिची हाय," केशर म्हणाली. "पण मला सोडून ही आत येत नाही. आली तर खिडकीतून पळंल. मागं एकदा पळालीय."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "बरं, हात धरायला या तुम्ही. पण डोक्याकडं उभं राहायचं, मधे यायचं नाही."

पडद्यामागं गेले. लोखंडी टेबल, वर हिरवी चादर. मी लाजेनं मरायला आले होते. सहा बाळंतपणं झाली होती माझी, त्यातली चार जगली, पण उजेडात असं कुणापुढं पडायचं म्हणजे! केशर डोक्याशी उभी राहिली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"डोळे मिट. फडात हाईस असं समज. आन् मुकादमाला शिव्या दे मनात."

मला हसू फुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "हसा, हसा. हसलं की अंग सैल पडतं."

काहीतरी गार लागलं. दुखलं नाही फारसं. मग आंबट वास आला. बाई वाकून बघत राहिली. मी केशरकडं बघितलं. केशर माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या बाईच्या तोंडाकडं बघत होती. तिनं माझा हात एवढा आवळला की माझ्या दोन बांगड्या वाढल्या आणि काच मनगटात रुतली.

"हळू गं!" मी ओरडले.

"मावशी," बाई म्हणाली, "इथं एक पांढरा डाग दिसतोय."

आई गं. मी रडायलाच लागले. माझी लेकरं, माझा भानुदास, धाकट्या पोरीचं शिक्षण, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"हा कॅन्सर नाही," बाई म्हणाली. "ऐका आधी. कॅन्सर होण्याच्या आधीची खूण आहे ही. आत्ताच, इथंच, गार मशीन लावून तेवढा भाग घालवता येईल. कापायचं नाही, टाके नाहीत. तुम्ही अगदी वेळेवर आलात."

"कशाची आली, मी आणली," केशर म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

ते मशीन लावलं. पोटात गार कळ आली, पाळीत येते तशी, आणि थोड्या वेळानं ओसरली. झालं. एवढंच. बाईनं सांगितलं, महिनाभर पाणी पाणी जाईल, घाबरायचं नाही. जड उचलायचं नाही, नवऱ्याला दूर ठेवायचं आणि वर्षानं दवाखान्यात परत दाखवायला यायचं. मग ती हात धुवायला बाहेर नळावर गेली.

मी टेबलावरून उतरून नऊवारी नीट करत होते. अंगावरचं मणाचं ओझं उतरलं होतं. केशर मात्र तिथंच उभी. सिस्टर टेबल पुसत होती.

"सिस्टरबाई," केशर म्हणाली, "माझं बी बघता का?"

"तुमची पिशवी काढलीय ना?"

"व्हय."

"मग तुमचं काय बघायचं? काही त्रास होतोय का?"

पडदा बाजूला सरला होता आणि रांगेतल्या बायका माना लांब करून आत बघत होत्या. आमच्याच टोळीतल्या होत्या त्यात दोघी. अंकुशरावाची चुलत भावजय सगळ्यांच्या पुढं. केशरनं त्यांच्याकडं बघितलं. मग कंबरेला खोचलेला पदर चाचपला.

"नाही. उगं म्हणलं."

"पिशवीच नाही तिथं तपासायचं काय?" सिस्टर म्हणाली. तीही सकाळपासून ओरडून दमली होती बिचारी. "चला, पुढची या."

"केशरबाईला फुकटचं सगळंच पाहिजे!" भावजय म्हणाली आणि बायका खदखदून हसल्या. केशरही हसली. मीही हसले. मी जिवातून वाचले होते, मला तेव्हा कशाचंही हसू आलं असतं.

परत येताना ट्रॉलीत तिनं मला कोपरानं ढोसलं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगं नाही. एवढी भ्याली म्हणून तुलाच डाग निघाला."

"तुझं सांगायचं व्हतंस ना त्यांना."

"काय सांगायचं? त्या शिकलेल्या बाया म्हणायल्या, पिशवी नाही तर काही नाही. मग नाहीच. टाकाच असंल."

मलाही ते पटलं. शिकलेल्या माणसांचं आपण नाही ऐकायचं तर कुणाचं? टाका असेल. उष्णता असेल. मूळव्याध असेल. जिला पिशवी नाही तिला पिशवीचा कॅन्सर कसा होईल? हे तर लहान पोरगंही सांगेल.

महिनाभर जड उचलू नको म्हणाली होती डॉक्टरीणबाई. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय, ट्रॉलीत बसून गाणी म्हणणार का?" भानुदास बिचारा तोडायचा की उचलायचा? तेव्हा केशरनं माझ्या मोळ्या उचलायला सुरुवात केली. आपली चढवायची, फळीवरून खाली यायची, माझी डोक्यावर घ्यायची, परत वर. मी खाली बसून बांधायची, ती वर न्यायची. उतरताना कंबरेवर हात ठेवून जरा थांबायची.

"राहू दे गं, मी नेते एखादी," मी म्हणायची.

"बस गप. तुझा डाग परत आला तर त्या बाई मला बोलतील."

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तेव्हा आम्ही गावी आलो. उन्हाळ्यात केशर वाळायला लागली. तिचं लागणं वाढलं. अंकुशराव तिला तालुक्याच्या त्याच डॉक्टरकडं घेऊन गेला. त्यानं अशक्तपणा आहे म्हणून इंजेक्शनं दिली, लाल बाटल्या दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दसऱ्याला परत ट्रॅक्टर आला, तेव्हा तिला ट्रॉलीत चढवायला मी हात दिला. सगळ्या जन्मात पहिल्यांदाच.

तिकडं गेल्यावर माझं वर्ष भरत आलं. डॉक्टरीणबाईनं परत बोलावलेलं डोक्यात होतं. पण या वेळी भ्या माझं नव्हतं. एका सकाळी केशर फडात मोळी उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. उठली तेव्हा खालचं पाचट लाल झालं होतं. मी हातातली मोळी टाकली.

"चल. दवाखान्यात."

"खाडा लागंल."

"लागू दे. जळो तो खाडा."

"माझं काय बघणार ते, प्रयागे? माझी पिशवी..."

"माझं बघतील, आन् तुझंबी बघतील. चल म्हणते ना!"

मी तिला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. तिचा दंड माझ्या मुठीत मावत होता. जीपगाडीत तिला मधे बसवलं आणि गेलो. सरकारी दवाखान्यात तीच चष्म्याची बाई होती. मला ओळखलं तिनं.

"पळणाऱ्या मावशी! आलात का? चला, तुमचं बघू."

"माझं राहू द्या. आधी हिला बघा. हिची पिशवी काढलीय, पण लई जातंय अंगावरून. लाल जातंय."

बाईच्या कपाळाला आठी पडली. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, काय बघायचं म्हणून. केशरला टेबलावर घेतलं. मी डोक्याशी उभी राहिले आणि तिचा हात धरला. बाई वाकली, बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं. मागल्या वर्षी माझ्या वेळी जितका वेळ बघत होती तितकाही वेळ लागला नाही. उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखंच होतं.

तिनं केशरला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसली.

"ऑपरेशन केलं तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"पिशवी काढली म्हणले. कॅन्सर होईल म्हणून काढली."

"पिशवीचा वरचा भाग काढलाय," बाई म्हणाली. "खालचं तोंड तसंच ठेवलंय. ते काढणं जास्त वेळाचं, जास्त कसबाचं काम असतं. पुष्कळ ठिकाणी नुसतं वरचं काढून टाके घालतात. आणि हा कॅन्सर होतो तो त्या तोंडालाच होतो, मावशी. वरची पिशवी नसली तरी ते तोंड होतंच. ते बघायला पाहिजे होतं."

मला कळायला वेळ लागला. केशरला आधी कळलं. ती खाली मान घालून बसली होती.

"तुमच्या टोळीसाठी गेल्या वर्षी शिबिर झालं होतं," बाई म्हणाली. "तुम्हाला निरोप नव्हता का? का आला नाहीत?"

केशरनं मान वर केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. काल काय भाजी केली होती ते सांगावं तसं सांगितलं तिनं.

"आले व्हते की, बाई. ही टेबलावर व्हती ना, तवा तुमच्या शेजारीच उभी व्हते. हिचा हात धरून."

डॉक्टरीणबाईनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली. मग उठून खिडकीपाशी गेली. मला वाटतं ती रडत होती, पण पाठ आमच्याकडं होती.

त्यांनी चिठ्ठी दिली, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात लाईट, म्हणजे कॅन्सर जाळायचे किरण, घ्यायला पाठवलं. अंकुशराव घेऊन गेला. कान हलका असला तरी बायकोसाठी त्यानं म्हशी विकल्या, दवाखान्याच्या फरशीवर पडून राहिला. रोग लांबवर पसरलेला होता. लाईट घेतल्यावर जरा बरं वाटलं, लागायचं थांबलं, मग पाठ धरली, मग पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सुखात ठेवा.

माझं बघितलं होतं सरकारी दवाखान्यात, त्या दिवशीच, केशर बाहेर बाकावर बसलेली असताना. "एकदम स्वच्छ आहे," बाई म्हणाली. त्याला आता लई वर्षं झाली. अजून मी ठरल्या वेळी जाते, टेबलावर पडते, आणि दर वेळी स्वच्छ आहे म्हणतात. आनंद व्हायला पाहिजे. टेबलावरून उतरताना मला कुणाचं तोंड बघवत नाही.

केशरला घरी आणलं त्या साली मी ऊस तोडायला गेले नाही. भानुदासला म्हणलं, तू दुसऱ्या कुणाशी कोयता लाव नाहीतर गावात रोजानं जा, मी केशरला सोडून येत नाही. तो गावात रोजानं जायला लागला. दसरा होऊन गल्ली रिकामी झाली होती. घराघराला कुलपं, म्हातारी माणसं तेवढी ओट्यावर. केशरची खाट अंगणात लिंबाखाली टाकलेली असायची. मी पेज घेऊन जायची. पळाले नसते तर तिला तेव्हाच पाजणार होते ती पेज, आता पाजत होते. दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची.

एक दिवस ऊन उतरतीला लागलं होतं. ती बराच वेळ डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"प्रयागे."

"बोल."

"त्या दिवशी मी तुझा हात लई आवळला व्हता ना?"

"आवळला म्हणजे? बांगड्या वाढल्या माझ्या. अजून वण हाय, हे बघ."

तिनं माझ्या मनगटावरून बोट फिरवलं. "तुला वाटलं आसंल, तुला धीर द्यायले."

"मग?"

"मला माझंच भ्या वाटायलं व्हतं गं. त्या बाई वाकून बघायल्या, आन् माझ्या मनात आलं, माझं असं कुणी बघितलं तर काय निघंल? लई वाटत व्हतं, कुणीतरी बघावं."

मी बोलले ते रागानंच. रागावल्याशिवाय मला रडू आवरत नाही. "मग लाजलीस कामून? सांगायचं व्हतं ठणकावून! मला सांगायचं व्हतंस, मी ओरडले असते."

"सगळ्या बाया बघायल्या व्हत्या. आन् मुकादमानं दुपारच्या आत बोलवलं व्हतं." तिनं दम घेतला. "तू उठलीस ना, तवा टेबल रिकामंच व्हतं. सिस्टर नुसती पुसायली व्हती. पुढची बाई आजून आत यायची व्हती. मी हात लावून बघितला चादरीला. तुझ्या अंगानं गरम व्हती आजून."

लिंबाची दोन पानं तिच्या पांघरुणावर पडली होती, ती मी उचलली. तिनं डोळे मिटले. मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्याकडून काही आवळलं गेलं नाही, तिच्यात ते बळच राहिलं नव्हतं. म्हणून मग मीच धरून बसले.